पिवळं कुरण

कुरण पिवळं पडायला लागलं तेव्हा मी पहिला संशय शेजाऱ्यावर घेतला. त्याचं आणि आमचं जुनंच वाकडं. तो बांधावरचं तण मारायला औषध फवारतो, वारा आमच्याकडे येतो आणि आमचं गवत मरतं, मला तर हे दिवसाढवळ्या दिसत होतं. कुंपणाशी उभी राहून मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तोही गप्प बसणाऱ्यातला नाही.

खरं सांगायचं तर दोष त्याचाच निघावा, ही माझी गरज होती. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, अलीकडे विसर पडायला लागला होता. एकदा धारेची वेळ टळून गेली तरी गाई गोठ्याबाहेर ताटकळत राहिल्या. एकदा फाटक उघडं राहिलं आणि वासरं थेट रस्त्यावर. तेव्हा त्याचा मुलगा शहरातून धावत आला आणि मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "आत्या, आता आणखी एक घोळ झाला तर मी बाबांना घेऊन जाणार. तू मध्ये पडायचं नाहीस." त्याचा पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट मी पाहिलाय. सून गुणाची आहे, घर स्वच्छ आहे, पण खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. जन्मभर गाईंमागे फिरलेला माणूस तिथे काय करणार? बसून बसून संपला असता.

म्हणून मी भिंगवाल्यांना बोलावलं. ते कुरणांचे सल्लागार. खिशात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. त्यांनी शेजाऱ्याकडे बोट दाखवावं, एवढीच माझी अपेक्षा होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते आले तेव्हा दादा आधीच कुरणात होता. गाई पलीकडच्या तुकड्यात चरत होत्या, त्याने त्यांना इकडे येऊच दिलं नव्हतं. "कारण कळेपर्यंत या गवताला तोंड लावू द्यायचं नाही," म्हणाला. तो असं काही बोलला की मला वाटायचं, याला कुठे काय झालंय? विसर कुणाला पडत नाही? मी नाही का डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत फिरत?

भिंगवाल्यांनी पांढरा रुमाल काढला आणि पात्यांवरून ओढला. "तांबेरा असता तर रुमालाला केशरी भुकटी लागली असती. हा स्वच्छ आहे."

दादाने गुडघे टेकले, गवताची मूठ धरून ओढली. "अळीही नाही. तिने मुळं खाल्ली असती तर गवत गोधडीसारखं वर आलं असतं. हे घट्ट आहे."

"मग खत कमी पडलं असेल," मी म्हणाले.

"खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती, ताई," भिंगवाले म्हणाले. "इथे मधलं कोवळं पान आधी गेलंय. आणि गवतातली ही तीन पानांची क्लोव्हर बघा. ती आपलं नत्र हवेतून घेते, खत नसलं तरी हिरवी राहते. तीही गेली."

"म्हणजे तणनाशक," दादा म्हणाला.

"मग मी काय बोंबलून सांगत होते?" मी कुंपणाकडे हात केला. "त्या मेल्याने..."

"थांब गं जरा. वाऱ्याने आलं असतं तर कुंपणाशी सगळ्यात जास्त लागलं असतं. तिथे तर हिरवं आहे. आणि ही कड बघ, कशी सरळ. वारा काय दोरी लावून वाहतो?"

भिंगवाले हसले. दादाही हसला. वहिनी गेल्यापासून मी त्याला इतक्या खुशीत पाहिलं नव्हतं. त्याला चोराचा माग लागला होता. मी हसले नाही. तणनाशकाचा कॅन आणि पंप आमच्याच खोपटात असतात, हे मला आठवलं होतं.

"पाठीवरचा पंप आहे," तो पुढे चालत म्हणाला. "सरळ गेलाय, टोकाला वळलाय, लागून दुसरी पट्टी घेतलीय. मध्ये बोटभर जागा सुटलेली नाही. कोण का असेना, माणूस कामाचा आहे."

"दादा, चल, चहा घेऊ आधी."

"चहा कुठे पळून चाललाय?"

कुरणाच्या मधोमध, सगळ्या पिवळ्यात, एक हिरवागार तुकडा होता. दोन खाटा टोकाला टोक लावून ठेवल्या तर होईल तेवढा. फवारणारा तिथवर येऊन चारही बाजूंनी जपून वळला होता. आत एक थेंब गेला नव्हता.

"इथे काय आहे?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पूर्वी तिथे वहिनीचा कांद्याचा वाफा होता. कुरण नव्याने पेरायचं म्हणून एका वर्षी दादाने जुनं गवत फवारून मारलं, तेव्हा वहिनी वाफ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. माझ्या कांद्यांना एक थेंब जरी लागला तर तुम्हाला ताट मिळणार नाही, म्हणाली होती. ती गेल्यावर आम्ही वाफ्यावरही गवत पेरलं. आता तिथे खूण म्हणून काही उरलेलं नाही. बाहेरच्या माणसाला तो दाखवूनही दिसला नसता.

कळसा काखेत होता आणि मी गावाला वळसा घालत होते. भिंगवाल्यांनी माझा चेहरा पाहिला आणि भिंग खिशात टाकलं.

दादा त्या तुकड्याच्या कडेकडेने चालायला लागला. पंपाची नळी धरावी तसा उजवा हात पुढे केला. कोपऱ्याशी आला तसा तो हात आपोआप वर उचलला गेला. दादा थांबला आणि हाताकडे बघत राहिला.

"वाफा सोडून गेलाय," तो म्हणाला. "इथला वाफा कुणाला ठाऊक?"

मी त्याची बाही ओढली, पण तो हलला नाही.

"तुला आणि मला. आणि तू काही पंप उचलत नाहीस."

"जाऊ दे ना, दादा."

"जाऊ दे काय? मी फवारलंय हे. आणि मला आठवत नाही. काहीच आठवत नाही गं." त्याने पलीकडच्या गाईंकडे पाहिलं. "गाई आत असत्या तर?"

खोटं बोलायचं तर काय बोलणार? तांबेरा, अळी, खत, वारा, पळवाटा सगळ्या त्यानेच बुजवल्या होत्या. दुसऱ्या कुणी हे शोधलं असतं तर मी त्याच्याशी जन्मभर भांडले असते.

"गवत पुन्हा पेरता येतं, दादा," भिंगवाले हळूच म्हणाले आणि उगाचच कुंपणाकडे निघून गेले.

मी दादाचा हात धरला. लहानपणी तो माझा धरायचा. आम्ही परत निघालो. फाटकातून बाहेर आल्यावर त्याने ते नीट ओढून घेतलं, कडी लावली, हलवून पाहिली. मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "घरी तिला सांगू नकोस हं."

"कुणाला?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला समजलं.

"अगं, तुझ्या वहिनीला. आधीच ती कांद्यांपायी माझ्यावर डोळा ठेवून असते. मी भलतंच फवारलं कळलं तर आठवडाभर तोंड चालू राहील."

"नाही सांगत," मी म्हणाले.

"कांद्यांना काही झालेलं नाही, पाहिलंस ना?"

"पाहिलं, दादा. एक थेंब लागलेला नाही."

त्याने समाधानाने मान हलवली आणि माझ्यापुढे घराकडे चालायला लागला.

त्याच संध्याकाळी मी भाच्याला फोन लावला. "आत्या? काय झालं?" तो विचारत राहिला. मी गवताचं सांगायला लागले, पण ते मला पुरं सांगता येईना. "बाबांना न्यायला ये," एवढंच म्हणाले, आणि मग फोन कानाला तसाच धरून रडले.