पांढरी रेघ

शेडमध्ये इंजिनांची घरं बावीस. त्यातली सात बिनछपराची. खांब चव्वेचाळीस, पैकी कललेले सहा. छपरातली धुराडी तेरा. बाकीच्यांना पाय फुटले होते. भिंतीतून उगवलेली झाडं अकरा. चालू इंजिन एक. आणि मधोमध, गोल खड्ड्यावर, इंजिन फिरवायची लोखंडी चकती, तीही एकच.

ही मोजणी भाचीची. पदार्थविज्ञान शिकलेली आणि, मामाच्या शब्दांत, दुधालासुद्धा फूटपट्टी लावणारी. आईच्या मागे ती मामाकडेच वाढली, शेडच्या मागच्या घरांच्या ओळीत.

रेल्वेच्या साहेबांची अट सरळ होती. भरलेल्या इंजिनासकट चकती हाताने फिरली तर आख्खी शेड राखायची. नाही फिरली तर पुढची कमान शोभेला ठेवून बाकीची शेड जमीनदोस्त. वाफ करायची परवानगी एकाच दिवसाची.

हाताने एवढं धूड फिरतं ते तोलावर. इंजिनाचा भार चकतीच्या बरोबर मधल्या खिळीवर आला, की दोन माणसं दांड्यांना खांदा लावून ते फिरवतात. जरा पुढेमागे झालं, की चकतीचं एक टोक खालच्या रुळावर दबतं आणि मग दहा पैलवान आणा, ती हूं की चूं करत नाही. भाचीने पाणी धरलं, कोळसा धरला, ड्रायव्हर म्हणून मामाचंही वजन धरलं आणि चकतीवरच्या रुळाला पांढरी रेघ मारली. मधलं चाक इथे थांबलं पाहिजे.

थांबवणार मामा. निवृत्त होऊनही शेडमध्ये त्याचं नाव ‘बोटभर’च. खुणेपासून बोटभर चुकला तर त्या दिवशी जेवत नाही, अशी ख्याती. इतर ड्रायव्हरांसाठी एकजण खाली वाकून चाक बघायचा आणि हात वर करायचा. बोटभरसाठी कुणी वाकत नसे. तो अपमान समजला जायचा.

आदल्या आठवड्यात दोघं खिळीला ग्रीस भरत होते.

“शेड वाचली तर बघायला लोक येतील,” मामा म्हणाला. “त्यांच्या गाड्या कुठे लावणार?”

“मागे.” ती कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होती.

“मागे म्हणजे आमची ओळ.”

“नकाशात तसंच आहे. पण बदल्यात घर देणार आहेत ना, मामा. नवंकोरं, लिफ्टवालं.”

“तुला कधी कळलं?”

“मागच्या महिन्यात. सांगणारच होते.”

मामाने फडक्याला हात पुसले. एकेक बोट वेगळं.

“बरं,” तो म्हणाला. “ग्रीस घाल आणखी. माहेरचं तूप असल्यासारखं पुरवून पुरवून घालू नकोस.”

ती हसली. विषय तिथेच राहिला.

ठरल्या दिवशी सकाळी इंजिन फुसफुसत चकतीवर चढलं. मामाने ब्रेक लावला आणि खिडकीतून हात दाखवला. कुणी वाकलं नाही. भाची एका दांड्याला, फिटर दुसऱ्याला.

“हं, लोटा!”

चकती हलली नाही. आणखी दोघे आले. मग चौघे. कुणाची तरी चप्पल तुटली.

“अरे, ही तर सासरी निघालेल्या नवरीसारखी पाय रोवून बसलीय,” फिटर धापा टाकत म्हणाला. हसलं कुणीच नाही.

साहेबांनी भाचीकडे बघितलं. ती तोंड उघडणार तोच वरून मामाचा आवाज आला.

“पोरीचं गणित हो, साहेब. पाण्याचं वजन धरलं नसेल. लहान आहे, सोडून द्या.”

तिचे कान तापले. “मी पाणी धरलंय. साहेब, पुन्हा एकदा मागेपुढे घेऊन बघू या ना.”

“वाफ उतरली,” मामा म्हणाला.

“राहू दे,” साहेब म्हणाले. “कमान आहेच की. कमान छान ठेवू आपण.” त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि माणसं पांगली.

ती मात्र स्वतःची चूक शोधत राहिली. टाकीवरची काच बघितली. पाणी धरलं होतं तेवढंच. कोळसा तेवढाच. खिळीपासून रेघेपर्यंत टेप लावला, तोही जुळला. तिने टेप पुन्हा लावला.

मामा इंजिनावरून उतरला. “चल घरी. मामी जेवायची थांबलीय.”

“मामा, तू रेघेवर थांबलास ना?”

हा प्रश्न त्या शेडमध्ये आजवर त्याला कुणी विचारला नव्हता.

“मी कधी चुकलोय?”

“म्हणून तर विचारतेय.”

त्याने खिशातून फडकं काढलं आणि बोटं पुसायला लागला. एकेक, वेगळं. तिच्याकडे न बघता.

“तुझ्या मामीने त्या घराला चार वेळा स्वतःच्या हाताने रंग दिलाय,” तो म्हणाला.

“सगळ्यांसमोर माझं गणित चुकलं म्हणालास तू.”

“तू लहान आहेस. विसरतील लोक.”

ती खड्ड्यात उतरली. इंजिनाखाली वाकली, मधल्या चाकाच्या केंद्रावरून ओळंबा सोडला, तो स्थिर होईपर्यंत थांबली. मग रेघेपासून दोरीपर्यंत टेप धरला.

छप्पन्न सेंटिमीटर.