देवाचं डोकं चपलांकडं

शिरूरच्या गिताबाईच्या छापखान्यात पुस्तक शिवलं जायचं, चिकटवलं जायचं नाही. डिंक फासून पानं जोडलेल्या पुस्तकाला ती पत्त्यांचा कॅट म्हणायची. चार वेळा उघडला की पानं हातात, बसा डाव मांडून. नवऱ्यामागं तिनं छापखाना असाच चालवला, आणि लेक रविराज मिशी फुटल्यापासून एकच धोशा लावून होता की आई, पुस्तकं बंद कर, फ्लेक्सचं मशीन घेऊ.

"वाढदिवस रोज कुणाचा तरी असतोच," तो म्हणायचा. "पुस्तक लोक घेत्यात आन् ठिवून देत्यात. वाचतंय कोण?"

"आन् तुझा फ्लेक्स? दुसऱ्या दिवशी म्हशीच्या गोठ्यावर."

"पर टांगल्यावर लोक बघत्यात तरी."

त्या दिवशी गिताबाई त्याला भाजी कमी वाढायची.

अशात दौंडचे म्हस्कू आप्पा काम घेऊन आले. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, मूळ कासुर्डीचा. बापानं मेंढरं घेऊन जन्मभर तुडवलेली वाट त्यांनी लिहून काढली होती, वाटेवरच्या माणसांसकट, कुत्र्यांसकट. मजकूर छापून झाला. मोठे कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे जुडगे झाले, त्याला फर्मा म्हणतात. लांब टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या ओळीनं लागल्या. कामाच्या बायांनी टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलायचा आणि सून पूनमकडं शिलाईला द्यायचा, अशी तिथली रीत.

एका थप्पीवर पहिलंच पान बिरोबाच्या फोटोचं होतं. गिताबाई बघते तर देवाचं डोकं दाराकडं, आणि दारात बायांच्या चपलांचा ढीग.

"डोळे हायत का बटणं? देवाचं डोकं चपलांकडं?" असं म्हणत तिनं अख्खी थप्पी फिरवून ठेवली. चपला हलवाव्यात हे तिला सुचलं नाही, आणि सुचवायची कुणाची छाती नव्हती.

तो फर्मा पूनमच्या हातात आला तो घडी उजवीकडं घेऊन. शिलाई घडीवर पडते, ती डावीकडं पाहिजे, म्हणून तिनं तो पालथा केला आणि शिवला. एक नाही, सगळे.

पुस्तकं दौंडला गेली. भंडारा उधळून प्रकाशन झालं, जेवणं झाली. मग एक दिवस रविराजनं स्टेटसला फोटो टाकायला म्हणून छापखान्यात उरलेली प्रत उघडली. बिरोबा खाली डोकं वर पाय. त्या फर्म्यातली सगळी पानं तशीच उलटी.

गिताबाईनं प्रत ओढून घेतली आणि सुनेकडं बघितलं.

"आत्याबाई, थप्पी तुम्हीच फिरवलीवती," पूनम म्हणाली.

"मी देव फिरवला. फर्मा तू फिरवलास. रव्या, आप्पांना फोन लाव."

"थांब की," रविराज म्हणाला. "पोळ्यापतुर कुणी एकानं जरी म्हटलं की पानं उलटी हायत, तर मी जलमात फ्लेक्सचं नाव काढणार न्हाई. कुणीच न्हाई म्हटलं, तर तुझं शिलाईचं टेबल भंगारात."

एरवी तिनं त्याला तिथंच झाडला असता. पण कुणी वाचतं का, हे तिलाही कळायला हवं होतं. तिनं फोनचं नाव पुन्हा काढलं नाही, तशी घरातल्यांना धडकी भरली.

आधी फोन वाजला की ती म्हणायची, तक्रार नको गं बाई. पोळा जवळ आला तसं वाटू लागलं, कुणीतरी शिव्या द्या रे. शेवटी तिला राहवेना. दौंडला गेली. आप्पांच्या देव्हाऱ्यात पुस्तक हळदीनं पिवळंजर्द, वर झेंडूचं फूल.

"लई झ्याक झालंय, वैनी," आप्पा म्हणाले. "पाहुण्यारावळ्यांनी समद्यांनी देव्हाऱ्यातच ठिवलंय."

"वाचलं का तुमी?"

"मीच लिवलंय. मी कशाला वाचू?"

ती घरी आली तेव्हा रविराज मोबाईलवर मशीनचे फोटो बघत बसला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक म्हातारी नातीला घेऊन दारात उभी राहिली. कासुर्डीची सखूबाई. काखेत पुस्तक, त्याचे कोपरे मळलेले.

"छापखानेवाली कोण?"

"मीच."

"माझ्या भावानं तुमचं काय घोडं मारलंवतं? म्हस्कूच्या पुस्तकात समदी माणसं सरळ छापली, आन् त्यो तेवढा उलटा टांगला?"

गिताबाईच्या तोंडावर उजेड पडला. "बसा. च्या ठिवते."

"च्या नगं. ही वाचती, मी ऐकती, आळीतल्या बाया ऐकत्यात. भावापाशी आलं आन् पोरीला पुस्तक पालथं धरून वाचाय लागलं. बाया म्हंत्यात, म्हस्कूनं जुनं वैर काढलं."

"सखूबाई, जरा मोठ्यानं बोला. पोरगा आत हाय."

"मोठ्यानंच बोलती. मला काय चोरी हाय?"

रविराज बाहेर आला. त्यानं एक खडा टाकून बघितला. "कुठनं कुठवर उलटं हाय, आज्जी?"

"बिरोबापासनं ते आमचा कुत्रा बारामतीच्या बाजारात हरवतो तिथवर. कुत्रा घावतो ते सरळ हाय."

रविराजनं मोबाईल खिशात घातला.

"चूक आमचीच हाय," गिताबाई म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून निघताना पूनमनं पहिल्यांदाच ऐकलं. "ठिवून जा, उसवून परत शिवते."

"ठिवून जा? आन् सांजच्याला बाया जमल्यावर काय यष्टीचं तिकीट वाचू? मी हितंच बसते. शिवा."

पूनमनं दोरा उसवायला घेतला. सखूबाई तिच्या सुईवर नजर ठेवून बसली, आणि चहा नको म्हणत दोन कप प्याली. गिताबाईनं रविराजला आप्पांना फोन लावायला सांगितला.

"आप्पा, पुस्तकं समदी माघारी गोळा करा," रविराज म्हणाला. "एक फर्मा उलटा लागलाय."

"उलटा? न्हाई बा. रोज हळद वाहतोय, चांगलं सरळ हाय."

गिताबाईनं फोन हिसकावून घेतला. "आप्पा, उघडून बघा."

बराच वेळ पलीकडून नुसता पानांचा आवाज येत राहिला. मग आप्पा हळूच म्हणाले, "वैनी, हे मी चांगलं लिवलंय की वो."