ठिपका माझ्या भिंगात होता

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. परभणीतल्या एका शाळेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. खरं तर बोलायला मला तोंड राहिलेलं नाही. पण मनात ठेवून ठेवून जीव नकोसा झालाय, तेव्हा सांगूनच टाकतो.

जन्म माझा समुद्रापलीकडचा. पितळेची नळी, घोड्याच्या नालेसारखा पाय, खाली आरसा, वर-खाली भिंगं. हैदराबादेहून निजाम सरकारच्या रेल्वेनं, गवतात गुंडाळून मी परभणीला उतरलो. शाळेत शिकवणं उर्दूत चाले, म्हणून सगळे मला खुर्दबीन म्हणत. मी होतो मोठा गर्विष्ठ. माणसं ऐकीव सांगतात, पदरचं घालतात. मी आपला जे आहे तेच दाखवतो, अशी माझी घमेंड होती.

मला सांभाळायचे बन्सीधर मास्तर. जाड चष्मा, गोड बोलणं. कांद्याच्या पाकळीची आतली पातळ साल ते चिमट्यानं सोलायचे, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचे, वरून नाजूक काच ठेवायचे आणि मुलांना बोलवायचे.

"भिंतीच्या विटांसारखं दिसतंय ना? एकेक वीट म्हणजे एक पेशी. कांदा असो, ज्वारी असो, नाही तर तुम्ही-आम्ही, सगळे पेशींचेच बनलेले. पण ही वीट जिवंत असते. ती वाढते, एकीच्या दोन होतात. कांद्याच्या पेशीला बाहेरून घट्ट भिंत असते, आपल्या पेशीला नुसता पातळ पडदा. आत दाटसर रस आणि त्यात एक गोळा, ते केंद्रक. पेशीचा सगळा कारभार त्याच्या हुकमानं चालतो."

हे केंद्रक एरवी धड दिसत नाही. आयोडीनचा थेंब टाकला की ते पिवळं-तपकिरी होऊन उठून दिसतं. पुढं दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि शाळेतली आयोडीनची बाटली संपली ती संपलीच. दुसरी काही येईना.

त्याच सुमारास शाळा तपासायला मोहतमिमसाहेब येणार म्हणून धावपळ उडाली. शिपाई आश्रुबानं मला उचललं. "पितळच हाय की," म्हणाला आणि देवाची समई घासावी तसं चिंच-राख लावून मला घासलं. वरचं भिंग फिरवून काढलं, त्याच्या कडा घासल्या, धोतराच्या सोग्यानं पुसून परत बसवलं. बिचाऱ्यानं जीव ओतून काम केलं. मी असा लखलखलो की साहेब आल्या आल्या माझ्यापाशीच थांबले. मी फुगून गेलो. राखेचा एक कण माझ्या भिंगाला आतून चिकटला होता. मला तो जाणवत होता, पण त्या कौतुकात मी त्याला विसरून गेलो.

साहेबांनी डोळा लावला. मधल्या पेशीत एक काळा ठिपका होता. "हे केंद्रक का?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी वाकून पाहिलं. आयोडीन नसतानाही केंद्रक दिसतंय म्हणून ते हरखूनच गेले. "होय साहेब," म्हणाले. साहेबांनी शेरेबुकात चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. त्या दिवसापासून राखेचा कण केंद्रक झाला आणि मुलं तो वहीत काढू लागली.

नर्मदाबाई आली ती त्यानंतर वर्षभरानं. सोनपेठकडच्या खेड्यातली, वय चोवीस, नवरा वारलेला. मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायची परीक्षा द्यायला ती परभणीत मावशीकडं राहिली होती. सासू धुरपताबाईनं एकच वर्ष दिलं होतं. पास झाली तर नोकरी, नाही तर मुकाट्यानं परत यायचं आणि जन्मभर घर आणि रान सांभाळायचं. शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्या दुपारी ती मावशीला घेऊन शिकवणीला यायची. मास्तर दार सताड उघडं ठेवत, आणि मावशी उंबऱ्यात बसून वाती वळी.

तिच्याइतका वेळ माझ्यात कुणी बघितलं नव्हतं. मुलं डोळा लावत, 'दिसलं' म्हणत आणि पळत. ही घाई करायची नाही. एकदा मान वर न करताच म्हणाली, "मास्तर, ठिपका एकाच खोलीत हाय. बाकीच्या समद्या रिकाम्या. तुमी तर म्हनलात, केंद्रक परतेकीत असतंय."

"बाकीच्यांतली केंद्रकं भिंगाच्या टप्प्यात नसतील, बाई."

तिनं बोटानं काचपट्टी हळूच सरकवली. "खोल्या सरकायल्यात, पर ठिपका जागचा हलंना."

मास्तर हसले. "खुद्द साहेबांनी पाहिलंय ते. त्यांच्याहून तुमची नजर तेज का?"

तिनं पुन्हा माझ्या भिंगाला डोळा लावला. मला वाटलं, माझं भिंग आपोआप गळून पडावं आणि हा कण सगळ्यांसमोर उघडा व्हावा. पण आश्रुबानं ते घट्ट बसवलं होतं.

परीक्षा आमच्याच शाळेत झाली, आणि कागद तपासायचे होते मास्तरांनीच. तिनं कांद्याच्या पेशी काढल्या, अगदी रेखीव. ठिपका मात्र कुठंही नाही. खाली लिहिलं, 'केंद्रक असते, पण मला दिसले नाही. दिसतो तो ठिपका काचपट्टीबरोबर हलत नाही, म्हणून काढला नाही.' मास्तरांनी चित्रावर लाल फुली मारली. तेवढ्यानंच ती नापास झाली, आणि ते मास्तरांनी तिला तोंडी सांगितलंही. चौथ्या दिवशी धुरपताबाई बैलगाडी घेऊन आली. "चल, लय झालं शिकनं," म्हणाली. "रानात कापूस फुटलाय." नर्मदाबाई निघाली. जाताना शाळेकडं वळून पाहिलं की नाही, ते मला कपाटातून दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी मास्तर मला पुसून ठेवत होते. खाली काचपट्टी नव्हती. सवयीनं त्यांनी डोळा लावला. रिकामा उजेड आणि मधोमध ठिपका. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग दोन बोटांनी माझं वरचं भिंग फिरवलं. ठिपका त्याच्याबरोबर गोल फिरला. मास्तर टेबलाकडं वळले.

निकालाचा कागद अजून टेबलावरच होता, टपाल दुसऱ्या दिवशी जायचं होतं. एका ओळीचं काम होतं: बाईंचं बरोबर, चूक माझी. त्यांनी टाक दौतीत बुडवलासुद्धा. पण तो कागद जाणार होता त्याच साहेबांकडं, ज्यांनी ठिपक्याचं कौतुक लिहिलं होतं. टाक हातात धरून मास्तर बसून राहिले. शाई वाळली आणि कागद तसाच पाकिटात गेला. मला त्यांनी साफसुद्धा केलं नाही. ठिपका नाहीसा झाला तर मुलं विचारतील, ही भीती. पुढं चार वर्षं मुलांनी राखेचं चित्र काढलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले.

लढाई संपली. आयोडीनची नवी बाटली आली. मास्तरांना ती उघडावीच लागली. थेंब पडला आणि पेशीपेशीत तपकिरी केंद्रक उमटलं, बहुतेक ठिकाणी भिंतीला टेकलेलं. मधल्या पेशीत मात्र माझा ठिपकाही होताच. पहिल्याच मुलानं विचारलं, "मास्तर, हिच्यात दोन केंद्रकं कशी?" मास्तरांनी वर्ग सोडून दिला.

पुढच्याच शुक्रवारी त्यांनी मला पेटीत घातलं आणि गाडीवाट धरून नर्मदाबाईचं गाव गाठलं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. धुरपताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मास्तरांनी तो खाली ठेवला, माझं भिंग काढून कण पुसला, कांद्याची साल मांडली, थेंब टाकला. मग हात जोडले.

"बाई, तुमचं बरोबर होतं. ठिपका भिंगात होता. आणि मला ते तुम्ही गेलात त्याच दिवशी कळलं होतं. निकाल माझ्या हातात होता. तो मी तसाच पाठवला."

नर्मदाबाईनं सूप बाजूला सारलं. पदराला हात पुसले आणि डोळा लावला. बराच वेळ झाला.

"ह्ये केंद्रक व्हय," ती पुटपुटली. "परतेकीत हाय."

"मी वर लिहितो. तुमची परीक्षा पुन्हा घ्यायला लावतो."

"आता वय न्हाई बसत, मास्तर." ती अजून माझ्यातच बघत होती. "त्याचं काई न्हाई. पर चार वर्सं मला वाटायलंय, माजाच डोळा खोटा हाय. घरात, रानात काई वावगं दिसलं तरी मी बोलत न्हवते."

मास्तर खाली मान घालून रडले. मला तीही सोय नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात सगळं सांगितलं, नर्मदाबाईच्या नावासकट. आता माझं भिंग स्वच्छ आहे. मुलं येतात, पेशी बघतात, खूश होऊन जातात. त्यांना माझं एकच मागणं आहे. माझ्यात काही दिसलं की आधी काचपट्टी सरकवा, मग माझं भिंग फिरवून बघा. माझ्यावर फार विसंबू नका. आणि वर्गात कुणी म्हणालं, मला तसं दिसत नाही, तर त्याला पुन्हा एकदा निवांत बघू द्या.

नर्मदाबाई, त्या दिवशी तुमचा डोळा माझ्या भिंगाला टेकला होता, इतक्या जवळ असूनही मला सांगता आलं नाही. तुमचा डोळा खरा होता. खोटा मी होतो.