सरळ आलेली पावलं

"रेनडिअरच्या कानाला मालकीची खाच आपण पाडतो, सुन्ना. तिच्या छातीवरची खूण मात्र ती आईच्या पोटातूनच घेऊन येते."

बाबांचा हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकलेला. ती म्हणजे वुल्व्हरिन, रेनडिअर मारून खाणारी. कुत्र्याएवढं अंग, अस्वलाची चाल, आणि छातीवरचा पिवळट डाग, एकीचा दुसरीशी न जुळणारा.

तो डाग फोटोत टिपायचा म्हणून यंदा एप्रिलमध्ये मी हिवाळ्यात मेलेलं एक रेनडिअर स्नोस्कूटरला बांधलं. वासाचा माग पडावा म्हणून बर्फावरून ओढत नेलं, आणि जवळ पडतं म्हणून योव्नाकाकांच्या उतारावरून नेलं. त्याच उतारावर मे महिन्यात त्यांच्या कळपातल्या रेनडिअर माद्या वितात, हे ठाऊक असून. वाटलं, तोवर बर्फ पडेल, माग बुजेल.

पलीकडच्या खोऱ्यात मांस खांबाला उंच टांगून मी दडून बसले. तिसऱ्या दिवशी ती आली. मांसासाठी मागच्या पायांवर उभी राहिली, आणि उलट्या चंद्रकोरीसारखी तिची खूण माझ्या कॅमेऱ्यात उतरली. मी आनंदाने रडले.

बर्फ पडला, माग बुजला. वास बुजला नाही. मे महिन्यात काकांची पांढरी मादी मारली गेली, कळपाला वाट दाखवणारी; दोन पाडसंही गेली.

काका पावलं वाचत फिरले. चाळीस वर्षांत वुल्व्हरिन या उतारावर आली नव्हती, म्हणाले. "आणि बघ, कुठे घुटमळली नाही. सरळ आली, कुणी हाक मारावी तशी."

शेजाऱ्यांनी चिडवलं, की योव्ना डुलक्या घेतो आणि त्याचं कुत्रं घोरतं. काकांनी ते मनाला लावून घेतलं. मी कॉफीत चीजचा तुकडा बुडवत राहिले.

जुलैत पाडसांच्या कानांना खाचा पाडायला सगळे कुंपणात जमले. काकांनी कमरेचा सुरा म्यानासकट सोडून माझ्यापुढे धरला.

"कळप आता तू सांभाळ, पोरी. माझे डोळे गेले. दारात कोण आलं तेही मला कळलं नाही."

खाचेसाठी माझ्या गुडघ्याखाली दाबून धरलेल्या पाडसाचं काळीज धडधडत होतं. सुऱ्याला मी हात लावला नाही.

"डोळे चांगले आहेत तुमचे, काका," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर वाचलंत. ती हाक मी मारली होती."