हरलेली लिफ्ट

मित्रांनो, मी एक म्हातारी लिफ्ट आहे. दार लोखंडी जाळीचे, अंग लाकडाचे, आणि वर जाताना थोडी कण्हण्याची सवय. ही पाच मजली इमारत बांधली तेव्हाच मला बसवले. माझ्याभोवती जिना वळत वळत वर जातो, त्यामुळे जाळीतून मला चढणारी-उतरणारी माणसे दिसतात. ज्या सुताराने माझ्या फळ्या घासून गुळगुळीत केल्या, ज्या मिस्त्रीने माझे दोर ओवले, त्यांचे हात मी विसरलेले नाही. आयुष्य सुखात गेले. तरी कोणी विचारले, की तुझे सर्वांत चांगले दिवस कोणते, तर मी सांगेन, मी बंद पडले होते ते.

त्याआधी माझे कौतुक फार. मुले तर मला सोडतच नसत. पाचव्या मजल्यावरच्या एका मुलीला सगळे 'लिफ्टबाई' म्हणत, कारण खालून पहिल्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जायलाही तिला मीच लागे. शाळेतून आली की पाठीला दप्तर आणि हातात वेफर्सची पुडी. वेफर्सचा चुरा माझ्या पायाशी सांडे. मी तिला अलगद उचलून नेई आणि मनात म्हणे, लाड करावेत तर माझ्यासारखे!

संध्याकाळी ती आजोबांना घेऊन खाली येई. आजोबांचे गुडघे कामातून गेलेले. तळमजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक मावशी शिवणकाम करत. कात्री आणि जीभ दोन्ही धारदार, म्हणून मुले त्यांना कात्रीमावशी म्हणत. त्यांचा आणि आजोबांचा बुद्धिबळाचा डाव रोज रंगे. आजोबा दिवसभर त्या डावाची वाट पाहत.

एके दुपारी मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध अडकले. नशीब, आत कोणी नव्हते. मिस्त्रींनी वर चढून पाहिले आणि मान हलवली. "चाक झिजलंय. असलं चाक आता बाजारात मिळत नाही, घडवून घ्यावं लागेल. दम धरा."

आजोबा वर अडकले आणि अर्धा डाव खाली राहिला. आजोबांचा चेहरा पाहवेना, तेव्हा लिफ्टबाईने तोड काढली. वर दुसरा पट मांडायचा, आणि कोणी काय चाल केली ते तिने चढून-उतरून सांगायचे. आजोबांना कमी ऐकू येई, म्हणून जिन्यातून ओरडण्यात अर्थ नव्हता. आणि खिशातले फोन तेव्हा कोणाकडे होते!

मी लटकले होते तिथून मला फक्त पावले दिसत. तिची पावले मी ओळखली. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती जेमतेम येत आणि माझ्या शेजारच्या पायरीवर बसून राहत. मग पुडी फुटल्याचा आवाज, कुरुमकुरुम, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा जड पावले.

एकदा मावशींनी उंट हलवला. पुडी संपेपर्यंत लिफ्टबाई ते विसरून गेली आणि वर जाऊन तिने सांगितले, "मावशींनी घोडा हलवला." दुसऱ्या दिवशी आजोबांचा निरोप आला, की तुमचा घोडा मारला.

"मारला?" मावशी कडाडल्या. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला. "माझा घोडा जागचा हललेला नाही! सांग तुझ्या आजोबांना, चष्मा बदला म्हणावं."

आजोबाही काही कमी नव्हते. "हरायला लागली की ती असंच करते. मोडला म्हणावं डाव!"

डाव खरोखरच मोडला. आजोबा म्हणे भिंतीकडे तोंड करून बसले, जेवायलाही उठेनात. पोर माझ्या शेजारी पायरीवर येऊन रडली. मी काय करणार? मीच लटकलेली. शेवटी डोळे पुसून ती खाली गेली.

"मावशी, चूक माझी. मला दम लागतो, मी बसते, आणि मग विसरते."

"बसून काय करतेस?"

पाठीमागे लपवलेली पुडी कुरकुरली असावी, कारण मावशी हसल्या. "अगं, ह्यात अर्धी हवा आणि अर्धं मीठ. हवेवर फुगा वर जातो, माणूस नाही! हे घे गाजर, आणि हे उकडलेलं अंडं. कापडाच्या कात्रीनं नाही हो कापलं, घाबरू नकोस. आणि ऐक, धावू नकोस. हळू चढ, पण बसू नकोस. आजोबांना सांग, नवा डाव मांडा. पहिली चाल त्यांची."

त्या दिवशी ती पावले माझ्याजवळ थांबली नाहीत. हळूहळू, कठडा धरून, वर गेली. थोड्या वेळाने वरून आजोबांचे खोकत खोकत हसणे ऐकू आले.

पुढे पुडीचा आवाज ऐकू येईनासा झाला. कधी गाजराचा तुकडा मोडे, कधी सफरचंदाचा. पावले हलकी झाली, मग दोन-दोन पायऱ्या गाळू लागली. तिच्यामागे इमारतीतली बाकीची मुलेही. जिना असा दणाणे, की मला वाटे, मीच चालू झाले!

चाक आले. मिस्त्रींनी ते बसवून तेल घातले आणि आजोबा किती दिवसांनी खाली उतरले. मावशी म्हणाल्या, "आलात? आता समोर बसून हरा."

डाव संपल्यावर मुलीने आजोबांना माझ्यात बसवले, बटण दाबले आणि स्वतः बाहेर राहून दार लावले.

"तू गं?" आजोबांनी विचारले.

"वर भेटू!"

मी निघाले. प्रत्येक मजल्यावर जाळीपलीकडे तीच पावले, माझ्यापुढे. मी कण्हत पाचव्यावर पोचले तेव्हा एका हाताने माझे दार बाहेरून उघडले. धापा टाकत, लालबुंद होऊन ती हसत होती. "काय गं लिफ्टबाई," ती मला म्हणाली, "किती हा उशीर!"

मित्रांनो, त्या हरण्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. आता माझ्या जागी नवी लिफ्ट येणार आहे, म्हणे कण्हत नाही ती. तिचे दार आपटू नका, वेळेवर तेलपाणी करा. दुखरे गुडघे, अवघडलेली आई, जड ओझी तिच्या हवाली खुशाल करा. पण तुमचे पाय चांगले असतील तर बटण दाबून बाहेर राहा, आणि तिला हरवा. पहिल्यांदा तिला वाईट वाटेल. मग सवय होईल.