डोकं दादाकडे, धड बबीकडे

मित्रांनो, मी एक जुना मेंढा आहे. भाजलेल्या मातीचा, चाकांवर चालणारा. जुना म्हणजे नेमका किती जुना, याबद्दल विद्वानांत वाद आहे. तो लवकर मिटावा असं मला मुळीच वाटत नाही, कारण दर वादात माझं वय थोडं वाढतं आणि लोक माझ्याशी जरा हळू आवाजात बोलू लागतात.

ही गोष्ट डोकं सांगतंय, धड नाही. आमची बरीच वर्षं ताटातूट झाली होती आणि बोलायचं काम अर्थातच तोंडाकडे आलं. धडाकडच्या बातम्या मला ऐकून ठाऊक आहेत.

मला एका कुंभारानं घडवलं. मोठी भांडी करून झाल्यावर चाकाजवळ जो चिखलाचा गोळा उरला, तोच मी. कुंभाराला घरी जायची घाई होती, म्हणून माझं डावं शिंग उजव्यापेक्षा जरा जास्त वळलं. नाकाला दोरी ओवायला भोक पाडलं, पोटाखाली चाकं बसवली आणि मला त्याच्या पोरांच्या हाती दिलं. पोरांनी मला अंगणभर पळवलं. मित्रांनो, त्या दिवसांत कुणी माझ्याकडे बघून हात जोडले नाहीत की भुवया उंचावल्या नाहीत. मी खडखडत धावायचो आणि पोरं हसायची. मी फार सुखात होतो.

मग गाव उठलं आणि मी मातीखाली गेलो. तिथल्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. काळोख होता, झाडांची मुळं होती, अधूनमधून एखादं गांडूळ भेटून जायचं. तिथे कुणी माझा संग्रह केला नाही, कुणी मला जपलं नाही, आणि तरी माझ्या अंगावर एक ओरखडा वाढला नाही. याचा पुढे भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी जरूर विचार करावा.

एका घरामागे पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला, तेव्हा मी ढिगाऱ्यातून वर आलो. त्या घरात दोन भावंडं होती. थोरल्याला सगळे दादा म्हणत, धाकटीला बबी. दोघांनी मला नळाखाली खसाखसा धुतलं. चाकांमधला लाकडी आस कुजून गेला होता, तर दादानं तिथे तार घातली. बबीनं स्वतःच्या बुटाची नाडी काढून माझ्या नाकात ओवली. आणि इतक्या युगांनंतर मी पुन्हा खडखडत धावलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळा व्हरांडा.

आनंद फार टिकला नाही. एका दुपारी दादानं माझं तोंड धरलं, बबीनं माझी शेपटाकडची बाजू धरली, दोघांनी एकदमच "माझी पाळी!" म्हटलं आणि मानेत कट्ट झालं.

त्या घरातल्या आईला दुपारी झोप प्यारी होती. तिनं उठून एका वाक्यात न्याय केला. "डोकं तुझं, धड तिचं, आणि आता मला आवाज ऐकू आला तर दोन्ही गच्चीवरून फेकीन." निवाडा झटपट होता खरा, पण पुढे दोघांची पन्नाशी उलटून गेली तरी तो कुणी बदलला नाही.

दोघं मोठी झाली. माझ्यामुळेच दोघांना जुन्या वस्तूंचं वेड लागलं, असं मी म्हटलं तर त्यात फुशारकी नाही. दादा संग्राहक झाला. त्याच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेची कपाटं, त्यात मडकी, मणी, मूर्ती, नाणी. बबी शिकली, ठिकठिकाणी उत्खननं केली आणि शेवटी शहरातल्या संग्रहालयाची संचालक झाली. आता तिला सगळे 'मॅडम' म्हणतात. फक्त दादा तिला फोनवर, तिच्या हाताखालच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, बबे म्हणतो.

कपाटात माझा शेजारी एक पितळी दिवा होता. तो राजवाड्यातून आल्याचं विकणाऱ्यानं दादाला शपथेवर सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो बाजारामागच्या कारखान्यात जन्मला आणि जुना दिसावा म्हणून दोन आठवडे व्हिनेगरमध्ये बुडून होता. त्याच्या अंगाला अजून लोणच्यासारखा वास येई. पण ऐट अशी की माझ्याकडे बघायचासुद्धा नाही.

एकदा दादाकडे एक बडे पाहुणे आले. सगळं पाहून ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हे काय, नुसतं मुंडकं?" दादाला ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं एका मूर्तिकाराला बोलावलं. मूर्तिकारानं सरळ विचारलं, "मेंढ्याचं अंग करू ना?" दादा म्हणाला, "मेंढ्याला कोण विचारतं? काहीतरी भारदस्त करा." झालं! मला सिंहाचं धड मिळालं, छाती फुगवलेलं, पंजा उचललेलं. जोड सुटू नये म्हणून दादानं असा चिकट पदार्थ आणला की त्यानं म्हणे विमानाचे भाग चिकटवतात. खाली पाटी लागली: 'सिंहदेहधारी मेषदेव. डाव्या शिंगाचा अधिक वळसा सूर्याच्या गतीचे प्रतीक.'

कुंभाराला घाई होती, हो! मी मनातल्या मनात किती ओरडलो, पण ऐकतो कोण.

माझ्या धडाची कथा याहून चांगली असेल असं तुम्हाला वाटेल, कारण ते विद्वानांच्या हाती होतं. ऐका तर. संग्रहालयात वस्तूला नवा भाग जोडायचा, तर ठाऊक नाही ते कल्पनेनं बनवायचं नाही, असा नियम आहे. नियम चांगला आहे. आता हा मेंढा आहे हे बबीला पक्कं ठाऊक होतं, पण समितीनं डोकं पाहिलेलं नव्हतं. म्हणून समितीच्या मते डोकं अज्ञात होतं. तेव्हा धडावर प्लास्टरचा एक पांढरा गोळा बसवला. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. पाटी लिहिली: 'चाकांवरील प्राणी (बहुधा). मानेवरील काळा डाग बहुधा विधीचा.' ज्या वस्तूचा उपयोग समजत नाही ती विधीची, असं त्या लोकांत चालतं. शाळेच्या सहली येत आणि पोरं विचारत, "मॅडम, हे कासव आत गेलंय का?"

मित्रांनो, विचार करा. ज्या दोघांनी मला बुटाच्या नाडीनं ओढलं होतं, त्यातल्या एकानं मला देव केलं आणि दुसरीनं विधी. दोघांपैकी एकालाही 'खेळणं' हा शब्द लिहवला नाही.

शेवटी तो शब्द बबीनं लिहिलाच. निवृत्तीआधीचं तिचं शेवटचं प्रदर्शन तिनं जुन्या खेळण्यांवर ठरवलं आणि दादाला फोन केला. मी कपाटात होतो, फोन स्पीकरवर होता.

"दादा, मेंढ्याचं डोकं दे. प्रदर्शनापुरतं. मला तो एकदा तरी अख्खा बघायचाय."

"तूच धड दे की! माझ्याकडे अख्खा करू."

"तुझ्या दिवाणखान्यात? सोफ्याशेजारी?"

"सोफ्याशेजारी लोक बघतात तरी. तुझ्या तळघरात खोकीच्या खोकी पडलीयत, त्यांच्याकडे उंदीरसुद्धा बघत नाही."

"तू विकत घेतोस म्हणून लोक चोरून खणतात, दादा. वस्तू जागेवरनं उचलली की तिची निम्मी गोष्ट तिथंच राहते."

"आणि मी घेतलं नसतं तर? पायाभरणीत दगडगोट्यांबरोबर गेलं असतं सगळं! तुमचं खातं पोचेपर्यंत तिथं इमारतीचा तिसरा मजला चढतो."

खरं सांगू? मला दोघांचंही पटत होतं. दादानं उचलून आणलेली कितीतरी मडकी खरोखरच बुलडोझरखाली जाणार होती. आणि ती कुठल्या घरातली, कुणाच्या चुलीजवळची, हे आता कुणालाच कधी कळणार नाही, हेही तितकंच खरं. पण माझी मान दोघांच्या मधे होती, त्यामुळे निवांत विचार करायला मला फुरसत नव्हती.

दादाची बायको इतका वेळ कपाटाच्या काचा पुसत होती. ती म्हणाली, "अहो, वन्सं आयुष्यात पहिल्यांदा काही मागतायत. आणि धूळ मी पुसते, तुम्ही नाही. निदान महिनाभर एक देव तरी कमी होऊ दे."

आणि मी संग्रहालयात गेलो. दादानं मला स्वतः मांडीवर धरून नेलं. सिंहाच्या धडासकट.

दुरुस्तीच्या खोलीत दिव्याखाली माझं धड ठेवलं होतं. पांढरा गोळा काढून टाकलेला. इतक्या वर्षांनी मी माझी पाठ पाहिली आणि मला, मातीचा असूनही, भरून आलं. या खोलीत काम करणारी बाई कायम हातात चिमटा घेऊन असते, म्हणून तिला सगळे चिमटेबाई म्हणतात. तिनं मला उलटं केलं, मानेवर भिंग धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काय लावलंय, सर?"

"पक्कं राहावं म्हणून," दादा म्हणाला.

"आम्ही लावतो ते कधीही काढता येतं. हे तुटेल, पण सुटणार नाही. काढायला गेले तर डोक्याचे तुकडे होऊ शकतात."

बबी खुर्चीवर बसली आणि तिचे डोळे भरले. आता तिचा संताप दादावर कोसळणार, असं वाटून मी मनातल्या मनात डोळे मिटले. पण ती एवढंच म्हणाली, "मला तो अख्खा बघायचा होता रे."

दादाचा चेहरा पडला. मग तो हळूच म्हणाला, "एकदा हातातनं तुटला होता ना. परत तुटू नये, एवढंच होतं डोक्यात."

"तू ओढलास म्हणून तुटला."

"मी? तू ओढलंस!"

"शेपटाकडून कुणी ओढतं का? मी नुसतं धरलं होतं!"

"दोघंही जरा गप्प बसा," चिमटेबाई म्हणाली. "मी प्रयत्न करते."

मित्रांनो, पुढचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. ऊब द्यायची, चिकटा किंचित मऊ झाला की केसाएवढं पातं सरकवायचं, थांबायचं, पुन्हा ऊब. दादा रोज येऊन दाराशी बसे. बबी कागदांवर सह्या करायच्या सोडून येऊन त्याच्याशेजारी बसे. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण चहा मात्र एकाच थर्मासमधला पीत. प्रत्येक सरकणाऱ्या पात्यासरशी मला वाटे, आता मी फुटलो.

मी फुटलो नाही. सिंह सुटला. आणि त्या चिकट्याखाली, माझ्या मानेच्या आत, एक काळा थर निघाला. चिमटेबाईनं तो भिंगाखाली पाहिला, मग माझ्या धडावरचा 'विधीचा' डाग पाहिला, आणि ती मोठ्यानं हसू लागली.

"मॅडम, हा विधी नाही. हा डिंक आहे. राळेत कोळशाची पूड कालवलेली. हा मेंढा तुमच्या हातनं तुटायच्या कितीतरी आधी इथंच तुटला होता, आणि कुणीतरी तो तेव्हाच चिकटवला होता. तुमच्याकडे फक्त तो जुना जोड उखडला."

आता ती घटना मीच सांगतो, कारण दुसरं कोणी साक्षीला नाही. कुंभाराला दोन पोरं होती. थोरल्यानं तोंड धरलं, धाकटीनं शेपटाकडची बाजू धरली. आई तिथेही झोपलेली होती. कुंभारानं दोघांना ओरडून पिटाळलं, राळ तापवली आणि मला जोडून पुन्हा त्यांच्याच हाती दिलं. त्यानं मला कपाटात ठेवलं नाही. अर्थात, त्याच्याकडे कपाट नव्हतं.

थरात अंगठ्याचा ठसाही होता. बबीनं तो पाहिला आणि भिंग दादाकडे दिलं. दादा बराच वेळ भिंगातून डोळा काढेना.

"म्हणजे बबे, आपण नाही तोडला."

"आपणही तोडला, दादा. पण आपण पहिले नव्हतो."

दादानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथंच राहू दे. पण पाटीवर मेंढा लिहा. खेळणं लिहा. आणि कुठं सापडला तेही लिहा, टाकीचा खड्डा कुठं होता ते मी दाखवतो."

"टाकी नाही, गच्चीच्या जिन्याखाली सापडला होता."

"टाकीच्याच खड्ड्यात! तुला काय आठवतंय?"

तो वाद अजून चालू आहे. माझ्या पाटीवर सापडल्याची जागा रिकामी आहे आणि तिथे दोघांच्या सहीसाठी ठिपक्यांच्या दोन रेघा आहेत.

जोडायचा दिवस आला. कधीही काढता येईल असा डिंक चिमटेबाईनं लावला. हा मान दोघांना द्यावा म्हणून तिनं दादाच्या हाती डोकं दिलं आणि बबीच्या हाती धड. दोघांनी मला एकत्र आणलं. मान मानेला लागली. मित्रांनो, मी अख्खा झालो, चाकांपासून शिंगांपर्यंत अख्खा! काय वाटलं ते मला सांगता येत नाही.

"आता सोड," बबी म्हणाली.

"तू सोड. मी धरलाय नीट."

"दादा, तू वाकडा धरलायस!"

"मी वाकडा? तुझाच हात हलतोय!"

माझ्या मानेतला डिंक अजून ओला होता. मी कुंभाराला हाक मारली, त्याच्या पोरांना हाक मारली, मातीखालच्या त्या गांडुळालासुद्धा हाक मारली. तेवढ्यात चिमटेबाईचा आवाज आला, शाळेतल्या बाईंसारखा.

"दोघांनीही हात मागे घ्या!"

संग्रहालयाच्या मॅडमनं आणि शहरातल्या नामवंत संग्राहकानं एकदम हात पाठीमागे नेले.

तेव्हा मित्रांनो, एखादी जुनी वस्तू मातीत दिसली, तर ती कुणाची यावर खुशाल भांडा, कडकडून भांडा. पण भांडताना तिला हात लावू नका.