रुळात जोड नको

फलाट क्रमांक एकच्या मागे भिंतीतली भेग चार मिलिमीटर रुंद झाली होती. हिरकणीने पट्टी लावून दोनदा मोजली, मग सवयीने सत्त्याऐंशीने गुणली. पस्तीस सेंटिमीटरला जरा कमी. फलाटावरचा बोटाच्या पेराएवढा हमाल तिच्यात कमरेपर्यंत गेला असता.

तलासरीत नोव्हेंबरपासून जमीन हलत होती आणि आता २०१९चा फेब्रुवारी लागला होता. सगळा पाडा अंगणात तंबू ठोकून राहत होता, हिरकणीही. तिचा नवरा काशीनाथ मात्र घरातच, त्याने बनवलेल्या छोट्या स्टेशनच्या फळीखाली अंथरूण टाकून झोपायचा.

काशीनाथने वाणगाव स्टेशनावर तीस वर्षं सिग्नल सांभाळले. निवृत्तीनंतर तेच स्टेशन त्याने एकास सत्त्याऐंशी मापात घरात उभं केलं. रूळ तेवढे विकतचे. बाकी पुठ्ठा, बांबूच्या काड्या, तांब्याची तार, चाळलेली रेती. छपराची अकराशे कौलं हिरकणीने, शाळेत विज्ञान शिकवून आल्यावर, ब्लेडने कापली होती. सगळ्याची मापं घेतली, दाराचं घ्यायचं राहिलं. रुळाला सांधा आला की चाक ठेचकाळतं, म्हणून काशीनाथने दोन भिंतींच्या कोनात, काटकोनात वळणारी बारा फुटांची फळी घरातच एकसंध बसवली होती. ती दारातून निघणार कशी, हे जमीन हलेपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

डहाणूहून लेक सोनल रोज फोन करायची, इथं या म्हणून. शेजारचा जिव्या सुतार करवत घेऊन दोनदा येऊन गेला. तीन तुकडे करतो, टेम्पोत घालतो, म्हणाला. काशीनाथने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"काका, तुमची गाडी लेट," जाताना जिव्या म्हणाला, "पण घर टायमावर पडंल."

हिरकणीने जिव्याची बाजू घेतली नाही आणि नवऱ्याचीही. काशीनाथचा हात आता कापायचा. चहाचा कप बशीवर वाजायचा. एकदा कापलेलं त्याच्याकडून पुन्हा जुळणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती रोज भेग मोजायची, तारीख घालून लिहायची आणि वही मिटायची.

त्या दुपारी पट्टी तिच्या हातात असतानाच खालून घरघर आली. भांडी मांडणीवरून कोसळली. हिरकणी धावत अंगणात आली, मागे पाहिलं तर ती एकटीच होती. ती दारापाशी परतली.

काशीनाथ स्टेशनवर ओणवा झाला होता, दोन्ही हात छपरावर पालथे घालून. वरून गिलाव्याचं ढेकूळ पडलं होतं. त्याच्या डोक्यातून रक्त कानामागून कौलांवर ठिबकत होतं. त्याला त्याचं भान नव्हतं.

"एकही कौल हललं नाही," तो म्हणाला.

हिरकणी आत गेली. पदराने त्याची जखम दाबून धरली. भेगेकडे पाहिलं. आता पट्टीची गरज नव्हती, तिच्यातून बाहेरचा उजेड दिसत होता. तिने अंगणाकडे तोंड करून जिव्याला हाक मारली, करवत घेऊन ये म्हणाली. काशीनाथने मान वर केली.

"अहो, ही फळी आज कापायची," ती म्हणाली. "कुठून, तेवढं तुम्ही सांगा."